गुहा ‘साफ’ करायला निघण्याआधी

अमोघ, तुमच्या इंदूरच्या ग्रुपने गुहा जपायचं मनावर घेतलंय, छान वाटलं. उत्साह तसाच राहू दे, फक्त झाडू, ॲसिड आणि वेल्डर सध्या घरी ठेवा. नव्या मंडळींचे हात नेमके इथेच चुकतात:

– तोंडाला पत्र्याचं दार. सगळ्यात मोठं नुकसान याने होतं. हवा अडली की आतलं तापमान आणि ओल बदलते. वटवाघळं एक तर अडकतात, नाही तर जागाच सोडतात. आडव्या गजांचं फाटकसुद्धा काही जातींना चालत नाही. आधी वर्षभर संध्याकाळी बाहेर बसून बघा, कोण कधी निघतं ते.

– वटवाघळांच्या लेंड्या झाडणं. आत ऊन नाही, झाडोरा नाही; किडे, बुरशी, कोळी त्या ढिगावरच जगतात. शिवाय त्या धुळीने हिस्टोप्लाज्मोसिस, म्हणजे बुरशीमुळे होणारा फुप्फुसाचा आजार, होऊ शकतो.

– भिंतीवरची नावं ॲसिडने पुसणं. चुनखडक असेल तर नावासकट तोही विरघळेल!

दिव्यांची कल्पनाही सोडा. कायमच्या उजेडात शेवाळ धरतं. फ्रान्समधली आदिमानवाच्या चित्रांची लास्को गुहा १९४८ साली लोकांसाठी उघडली आणि १९६३ साली बंद करावी लागली. माणसांचे श्वास आणि शेवाळ यांनी चित्रं बिघडत होती.

मग करायचं काय? वनविभागाची परवानगी काढा, तोंडाबाहेरचा कचरा उचला (पोह्यांच्या प्लेटा कुठून येतात ते आपल्याला माहीत आहेच), रीलवर लोकेशन टाकू नका. पिल्लांच्या दिवसांत आत कुणीच जायचं नाही, तुम्हीसुद्धा.