‘नाइस’ म्हणजे मूर्ख? वाचकांची प्रश्नोत्तरे

‘नाइस’ या एका शब्दावरून तीच ती विचारणा वारंवार येते आहे, म्हणून आज सगळी पत्रं एकदम घेतो.

प्रश्न : ‘नाइस’चा मूळ अर्थ मूर्ख होता म्हणे. खरं का?

उत्तर : खरं. लॅटिन ‘नेस्किउस’ म्हणजे अजाण. त्यात ‘ने’ हा नकार आणि ‘स्कीरे’ म्हणजे जाणणे. ‘सायन्स’ही याच ‘स्कीरे’चं. जुन्या फ्रेंचमधून 1300च्या सुमारास हा शब्द इंग्रजीत आला तो ‘खुळा’ होऊनच. मग लाजरा, चोखंदळ, नाजूक, काटेकोर असं करत करत अठराव्या शतकात ‘छान’पाशी पोचला.

प्रश्न : आमचं ‘नाइस टेलर्स’ आहे. पाटी बदलू का?

उत्तर : नको.

प्रश्न : फ्रान्समधल्या नीस शहरावरून हा शब्द आला का?

उत्तर : नाही. स्पेलिंग तेवढं एक. शहराचं नाव ग्रीक ‘निकाया’वरून, म्हणजे विजयाशी संबंधित.

प्रश्न : व्हॉट्सॲपवर आलंय की ‘नाइस’ हा आपला ‘नीच’च. मुलीला शाळेत तो शब्द वापरू नको म्हणून बजावलंय.

उत्तर : आधी मुलीची समजूत काढा. कानाला सारखे लागले म्हणून दोन शब्द भाऊ-भाऊ होत नाहीत. शब्द कुठून कुठे गेला याचा लेखी माग दाखवावा लागतो. ‘नाइस’चा तो लॅटिनपासून सलग सापडतो, त्यात ‘नीच’ कुठेच नाही. आणि अर्थ उलटल्याचं एवढं नवल कशाला? संस्कृतात ‘राग’ म्हणजे रंग, आसक्ती. आपण मात्र रागावतो. ‘शिक्षा’ म्हणजे शिकवण, हिंदीत अजूनही तीच. आपल्याकडे शिक्षा म्हटलं की छडी. यात कोणाचं कारस्थान नाही, शब्द वापरून वापरून सरकतात. असल्या मजकुराखाली पुष्कळदा ‘सात दिवसांत शब्दांची रहस्यं’ छापाच्या वर्गाची लिंक असते, तीही बघा. पैसे भरण्याआधी, निदान मेसेज पुढे ढकलण्याआधी, व्युत्पत्तिकोश, म्हणजे शब्दांची मुळं सांगणारा कोश, उघडा. मराठी शब्दांसाठी कृ. पां. कुलकर्णींचा आहे. तेवढ्यानं भागलं नाही तर भाषाशास्त्राच्या प्राध्यापकांना गाठा.

प्रश्न : कोर्टाच्या एका निकालपत्रातल्या ‘नाइस डिस्टिंक्शन’चं भाषांतर मी ‘छान फरक’ केलं. परवाच दिलं. बरोबर आहे ना?

उत्तर : चूक. ‘सूक्ष्म भेद’ हवं. काटेकोरपणाचा जुना अर्थ तिथे अजून शाबूत आहे. परवा देऊन आज विचारता? आजच मसुदा परत मागवा, आणि या खेपेस देण्यापूर्वी वकिलांच्या नजरेखालून घाला.