परसबाग प्रश्नोत्तरे : वेल माजला, काकडी दिसेना

प्रश्न : वळवाचा पाऊस झाल्यावर मेच्या दुसऱ्या आठवड्यात परड्यात काकडीच्या सहा बिया टोकल्या. वेल मांडव ओलांडून शेजाऱ्यांच्या शेवग्याला भिडलाय. पानं तळहाताहून मोठी, हिरवीगार. काकडी मात्र एकही नाही. आधी आठ-दहा दिवस फुलं नुसतीच गळाली. आता करंगळीएवढ्या काकड्या दिसतात, पिवळ्या पडतात आणि झडतात. आमचे हे दर आठवड्याला मूठभर युरिया घालतात. सासूबाई म्हणतात, वेल वांझ आहे, उपटून टाक.
— एक वाचक, वडगाव, बेळगाव

उत्तर : उपटू नका ओ! आधी ह्यांच्या हातातला युरियाचा डबा काढून घ्या. आपल्याकडं शेतकरी म्हणतात ना, पीक माजलं? तसा तुमचा वेल माजलाय. नत्र जास्त झालं की सगळा जोर पानांत आणि शेंड्यात जातो. मीही एका वर्षी अर्धंकच्चं शेणखत घालून वर युरिया मारला होता. वेल शेजारच्या पेरूवर चढला, बघणारे कौतुक करून जायचे, आणि ऑगस्टपर्यंत मिळाल्या तीन काकड्या. त्यातली एक खारीनं नेली.

पहिली फुलं गळाली त्यात वेलाचा दोष नाही. काकडीच्या एकाच वेलावर नर आणि मादी फुलं वेगवेगळी येतात, आणि नर आधी येतात. ती गळणारच. मादी फूल ओळखायला सोपं : फुलामागं इवलीशी काकडी असते. तुमच्या आता झडताहेत त्या म्हणजे मादी फुलंच, फक्त त्यांच्यापर्यंत पराग पोचलेला नाही. बेळगावचा पाऊस एकदा लागला की आठ-आठ दिवस उघडत नाही. त्यात मधमाशी बाहेर कशाला पडेल?

मग मधमाशीचं काम तुम्ही करा. मादी फूल एकच दिवस कामाचं असतं, म्हणून सकाळी सात ते दहाच्या दरम्यान, पाऊस जरा थांबला की परड्यात जा. ताजं उमललेलं नर फूल तोडा, पाकळ्या काढा आणि मधला पिवळा भाग मादी फुलाच्या मध्यावर हलकेच फिरवा. एका नर फुलात दोन-तीन मादी फुलं होतात. ओलं झालेलं फूल घेऊ नका, पराग चिकटून बसतो. सासूबाईंनाच हे काम द्या, वांझ शब्द पुन्हा तोंडात येणार नाही.

मुख्य शेंडा खुडा. बाजूचे फुटवे येतील, मादी फुलं त्यांवर जास्त धरतात. वडगावची काळी माती पाणी धरून ठेवते आणि काकडीची मुळं वरवरचीच असतात. म्हणून आळ्याला चर काढून पाणी बाहेर जाऊ द्या, बुडाशी भाताचं पिंजर पसरा. खत आता बंद. चुलीची राख असेल तर वेलाला एक मूठ, तीही बुडापासून वीतभर लांब. काकडी धरली की दिवसाआड तोडत राहा. एक जरी वेलावर पिकली तर पुढच्या धरणं कमी होतं.

पुढच्या खेपेला राहुरी कृषी विद्यापीठाचं ‘हिमांगी’ किंवा ‘फुले शुभांगी’, नाहीतर दापोली कृषी विद्यापीठाचं ‘शीतल’ हे वाण मिळालं तर बघा. बियांच्या पुडीवर कन्नडमध्ये ‘सौतेकायी’, म्हणजे काकडी, असं असेल. माझी आई ते वाचून म्हणायची, नावातच सवत, मग नीट नांदेल कशी?

प्रश्न : काकडीच्या पानांखाली मावा कीड आहे. तंबाखूच्या काड्या उकळून ते पाणी फवारू का? इथं घरोघरी तंबाखू आहे.
— एक वाचक, निपाणी

उत्तर : निपाणीकरांना तंबाखूचं मोल मी काय सांगावं! पण फवारू नका. निकोटीन विष आहे, माव्याला तसंच आपल्यालाही, आणि काकडी आपण सालासकट कच्ची खातो. लिटरभर पाण्यात पाच मिली कडुनिंबाचं तेल आणि थोडं साबणाचं पाणी घाला. संध्याकाळी पानांच्या खालच्या बाजूनं फवारा. आठवड्यानं पुन्हा. लाल भुंगेरे असतील तर पहाटे ते सुस्त असतात, हातानंच वेचा आणि साबणाच्या पाण्यात टाका.

प्रश्न : काकडी देठाकडं कडू लागते. टोक कापून घासलं तरी फरक नाही.
— एक वाचक, खानापूर

उत्तर : घासून फेस येतो, कडूपणा जात नाही. तो देठाजवळ आणि सालीखाली जास्त असतो, म्हणून देठाकडची दोन बोटं कापून टाका आणि साल जाड काढा. तुमच्या तांबड्या मातीत पाणी लगेच उतरतं. दोन दिवस कोरडं आणि तिसऱ्या दिवशी घागरभर असं चाललं तर वेल कडू फळ देणारच. थोडं थोडं, पण रोज द्या. तोंडात धरवत नाही इतकी कडू असेल तर मात्र दही-कूट घालून कोशिंबिरीत खपवू नका, पोट बिघडतं.