महेश्वरीच्या पदरावरच्या लहरी : पोर्ट्रेट आणि कॅमेऱ्याची निवड

प्रश्न : बहिणीचा महेश्वरी साडीतला फोटो काढला. चेहरा छान आला, पण पदरावर निळ्या-पिवळ्या लहरी दिसतात. कॅमेरा बिघडलाय का? (राजेंद्रनगर, इंदूर)

उत्तर : नाही. हा मोआरे. सेन्सरवर पिक्सेलची जाळी असते, साडीत धाग्यांची. फोटोत धागा पिक्सेलइतका बारीक झाला की दोन जाळ्या एकमेकींत अडकतात आणि कापडात नसलेले पट्टे उमटतात. पिक्सेलवर लाल, हिरवे, निळे फिल्टर असल्याने त्यांना रंगही चढतो. तरी आधी फोटो शंभर टक्के मोठा करून पाहा. लहरी गेल्या, तर त्या फक्त स्क्रीनवरच्या होत्या.

प्रश्न : पोर्ट्रेटसाठी लो-पास फिल्टरवाला कॅमेरा घ्यावा की बिनफिल्टरचा? मेगापिक्सेल वाढवले तर हा त्रास संपेल? (सुदामानगर, इंदूर)

उत्तर : हा फिल्टर सेन्सरपुढे बसून प्रकाश शेजारच्या पिक्सेलवर किंचित पसरवतो, म्हणून अतिबारीक वीण गोंधळ घालत नाही. २०१२ मध्ये निकॉनने ३६ मेगापिक्सेलचा डी८०० फिल्टरसह आणला आणि त्याच्या जोडीला फिल्टरचा परिणाम रद्द केलेला डी८००ई. आजही निकॉनच्याच झेड६ मध्ये तो आहे, झेड७ मध्ये नाही. मेगापिक्सेल वाढले की त्रास फक्त जागा बदलतो : कमरेपर्यंतच्या फोटोत सुटलात, तर पूर्ण उभ्या फोटोत गाठ पडते.

आपल्याकडे लग्न, मुंज, डोहाळजेवण म्हटलं की चंदेरी आणि महेश्वरी आल्याच. माणसांचेच फोटो काढायचे असतील तर फिल्टरवालाच घ्या, असं मी ठामपणे सांगेन. गमावलेली धार नगण्य असते, आणि गालावरची रंध्रं मोजून दाखवा असं कुणी सांगत नाही. दुकानात जाताना एखादी चंदेरी सोबत न्या आणि तिच्यावरच चाचणी घ्या.

प्रश्न : फुजीचा एक्स-ट्रान्स सेन्सर यातून सुटतो म्हणतात? (रामबाग, इंदूर)

उत्तर : बराचसा. त्याच्या रंगीत फिल्टरांची रचना नेहमीच्या दोन बाय दोनऐवजी सहा बाय सहाची असते, त्यामुळे रंगीत लहरी कमी होतात. पूर्ण जात नाहीत.

प्रश्न : आहे त्याच कॅमेऱ्यावर उपाय? (रामबाग, इंदूर)

उत्तर : पाऊलभर पुढे-मागे व्हा किंवा कोन बदला. एफ/१६ वर, म्हणजे ऍपर्चर (लेन्समधलं छिद्र) लहान केल्यावर, प्रतिमा जराशी मऊ होऊन लहरी दबतात, पण पार्श्वभूमीही स्पष्ट होते. पोर्ट्रेटमध्ये मला ते पटत नाही. त्यापेक्षा ऍपर्चर मोठं ठेवून फोकस डोळ्यांवर धरा, पदर आपोआप मऊ होतो. लाइटरूम या फोटो-संपादनाच्या सॉफ्टवेअरमधल्या मोआरे ब्रशने रंग निघतो, काळे-पांढरे पट्टे मात्र चिवट असतात. ब्रश जरीच्या काठावर नेऊ नका, तिथला खरा रंगही उडतो.