आधी बापाचे अंगठे बघ

प्रिय डॉक्टर,

परवा राऊंडला तू विचारलंस, "मॅडम, बाळाच्या इकोमध्ये, हृदयाच्या सोनोग्राफीत, टेट्रालॉजीचे चारही जन्मजात दोष स्पष्ट दिसतायत, ऑपरेशनची तारीखही मिळालीय. मग जेनेटिक तपासणीचा खर्च घरच्यांच्या माथी कशाला?" तेव्हा मी घाईत होते. तुझा प्रश्न मात्र रास्त होता.

मी रेसिडेंट असताना असंच एक बाळ होतं. टेट्रालॉजी, शिवाय महाधमनीची कमान डावीऐवजी उजवीकडे. ऑपरेशन उत्तम झालं आणि रात्री बाळाला झटके आले. आम्ही सगळे मेंदूच्या मागे धावलो. कॅल्शियम तपासायचं पहाटे सुचलं, ते पार तळाला गेलेलं. पुढे कळलं, बाळाच्या एका २२व्या गुणसूत्राचा लहानसा तुकडाच गायब होता. त्याला आपण २२क्यू११ डिलीशन म्हणतो.

बहुतेकांत हा तुकडा डीएनएच्या साधारण तीस लाख अक्षरांचा असतो, म्हणजे जनुकशास्त्राच्या हिशेबात चिमूटभर. पण त्यात टीबीएक्स१ हे जनुक आहे. गर्भाच्या गळ्यापाशी ज्या कमानी आणि खिसे तयार होतात, त्यांची घडण त्याच्यावर अवलंबून. हृदयातून निघणाऱ्या मोठ्या वाहिन्या, प्रतिकारशक्तीच्या पेशी घडवणारी थायमस, कॅल्शियम सांभाळणारी पॅराथायरॉइड, सगळ्यांचं मूळ त्याच गल्लीतलं. पॅराथायरॉइड दुबळी म्हणून कॅल्शियम आधीच कमी, त्यात रक्तपेढीच्या पिशवीतलं सायट्रेट, म्हणजे रक्त गोठू नये म्हणून घातलेलं रसायन, उरलंसुरलंही बांधून टाकतं. थायमस नसेलच, तर रक्त इरॅडिएट करून, म्हणजे किरणोत्सर्गाचा मारा करून, द्यावं लागतं, नाहीतर दात्याच्या पांढऱ्या पेशी बाळावरच उलटतात. म्हणून ही तपासणी ऑपरेशनच्या आधी हवी. आणि हो, साध्या कॅरिओटाइपवर, म्हणजे सूक्ष्मदर्शकाखाली गुणसूत्रं पाहण्याच्या तपासणीत, ही उणीव बहुधा दिसत नाही. 'गुणसूत्रं नॉर्मल' असा कागद घेऊन नातेवाईक निश्चिंत बसलेले मी पाहिलेत. फिश किंवा मायक्रोअ‍ॅरे या बारीक तुकड्यांची उणीव पकडणाऱ्या तपासण्या मागव.

पण रक्त काढण्याआधी बाळाकडे नीट बघ. रडताना ओठाचा एक कोपरा खाली जात नाही का? दूध नाकातून येतं का? स्टेथोस्कोप कानात घातला की आपल्याला बाळाचे हातपाय दिसेनासे होतात, ही आपल्या जमातीची जुनी खोड.

मग आईबापांकडे वळ, कारण हृदयाचा दोष दुसऱ्याही जनुकातून येऊ शकतो. १९६० साली लंडनमध्ये मेरी होल्ट आणि सॅम्युअल ओरम यांनी एका कुटुंबाचं वर्णन केलं. त्यांच्यात कर्णिकांमधल्या, म्हणजे हृदयाच्या वरच्या दोन कप्प्यांमधल्या, पडद्याला छिद्र होतं आणि अंगठ्यांची ठेवण वेगळी होती. त्यामागचं टीबीएक्स५ हे जनुक १९९७ साली सापडलं. हृदय आणि हात दोन्हींच्या जडणघडणीला तेच लागतं. अंगठ्याला दोनाऐवजी तीन पेरं, किंवा अंगठा बाकीच्या बोटांच्याच रांगेत. विचारलं तर वडील हसून म्हणतात, "आमच्या घराण्यातच आहे ते." त्या वाक्यावर थांब. दोष त्यांच्यात असेल तर पुढच्या प्रत्येक गर्भात तो उतरण्याची शक्यता ५० टक्के, आणि त्यांच्या स्वतःच्या हृदयाचा इको कदाचित कुणी केलेलाच नसेल.

२२क्यू११चं उलट. दहापैकी जवळपास नऊ वेळा आईबाप दोघंही मोकळे असतात, चूक त्या बाळातच नव्याने घडलेली. तरीही दोघांची तपासणी कर, कारण सौम्य लक्षणांची आई आयुष्यभर फक्त 'नाकात बोलणारी' म्हणून ओळखली गेलेली असू शकते.

रिपोर्टमध्ये 'अर्थ अनिश्चित' असा बदल आला तर तो आजार म्हणून सांगू नकोस. आपल्या लोकांचा जनुकीय डेटा जगाच्या साठ्यांत अजून थोडा आहे, त्यामुळे असे शेरे आपल्याकडे जास्त येतात.

आणखी एक. बाहेर बाकावर सासूबाई बसलेल्या असतात, "ग्रहणात विळी हातात घेतली होती हिने." आई मान खाली घालून ऐकते. तिला एकटीला बाजूला घेऊन सांगू नकोस, सगळ्यांसमोर सांग, की तो तुकडा विळीने कापला जात नाही. हृदयाचे कप्पे आठव्या आठवड्यापर्यंत बहुतेक तयार झालेले असतात, तोवर कित्येकींना दिवस गेल्याचं जेमतेम कळलेलं असतं. सासूबाईंना पटेलच असं नाही. आईला मात्र ऐकू येतं.

परवाच्या बाळाचं कॅल्शियम आजच पाठव. वडील शनिवारी गावाहून येणार आहेत, त्यांनाही ओपीडीत बसवून घे. मी अकरापर्यंत पोहोचते.

मॅडम