पूर्वार्धातील बरोबरीचा भाव

प्रश्न : अमेरिकेत शिकणाऱ्या माझ्या भाच्याने मला फुटबॉलवरील भाकीत बाजार दाखवला. दोन तुल्यबळ संघांच्या सामन्यात ‘मध्यंतराला बरोबरी’ या कराराचा भाव ४२ सेंट होता, तर ‘पूर्ण सामना बरोबरीत’ याचा २६ सेंट. हा फरक कशामुळे पडतो? भारतातून यात भाग घेता येतो का?
– एक वाचक, नाशिक

उत्तर : आधी करार समजून घेऊ. घटना घडली तर ‘होय’ घेणाऱ्याला एक डॉलर मिळतो, न घडल्यास काहीच नाही. कोणी ४२ सेंट देऊन ‘होय’ घेतो तेव्हा ५८ सेंट देऊन ‘नाही’ घेणारा दुसरा कोणी असावाच लागतो, आणि दोघांचा मिळून झालेला तो डॉलर बरोबर ठरणाऱ्याकडे जातो. म्हणूनच ४२ सेंट या भावाचा ढोबळ अर्थ असा, की बाजाराला ती घटना घडण्याची शक्यता सुमारे ४२ टक्के वाटते.

फुटबॉलमध्ये गोल मुळातच कमी होतात, आणि उत्तरार्धापेक्षा पूर्वार्धात सर्वसाधारणपणे आणखी कमी. गोल जितके कमी, तितकी बरोबरीची शक्यता जास्त. प्रत्येक संघ पूर्वार्धात सरासरी ०.६ आणि पूर्ण सामन्यात १.३५ गोल करतो असे धरून प्वासाँ वितरणाने (सरासरीवरून किती गोल होण्याची किती शक्यता आहे हे काढण्याच्या गणिती पद्धतीने) गणित केले, तर मध्यंतराला बरोबरीची शक्यता सुमारे ४२ टक्के येते आणि सामन्याअखेर सुमारे २६ टक्के. तुमच्या भाच्याने दाखवलेले भाव नेमके याच्याशी जुळतात. तिसाव्या मिनिटापर्यंत एकही गोल झाला नाही, तर त्याच गणिताने मध्यंतराला बरोबरीची शक्यता ७० टक्क्यांच्या आसपास पोहोचते. एक गोल झाला की ती एका क्षणात कोसळते.

कराराची अट मात्र शब्दशः वाचावी, कारण निम्मे गैरसमज तिथेच होतात. ‘पूर्वार्ध’ म्हणजे नेहमी पंचेचाळीस मिनिटे नव्हेत. सहसा पंचांनी दिलेली वाढीव वेळही त्यात धरली जाते. २१ नोव्हेंबर २०२२ रोजी कतारमधील विश्वचषकात इंग्लंड–इराण सामन्याच्या पूर्वार्धात १४ मिनिटे वाढली, आणि इंग्लंडचा तिसरा गोल त्या वाढीव वेळेतच झाला. दुसऱ्याच दिवशी अर्जेंटिना मध्यंतराला सौदी अरेबियाविरुद्ध १-० ने पुढे होता आणि सामना १-२ ने हरला. मध्यंतराच्या करारात मात्र अर्जेंटिनाच जिंकलेला धरला जातो, पुढे काय झाले याचा त्याच्याशी संबंध नसतो.

व्यवहार थोडे असतील, तर ‘होय’ विकत घेण्याचा भाव ४४ आणि विकण्याचा ४० असाही असू शकतो. अशा वेळी मधला आकडा शक्यता म्हणून घेताना फार सावध राहावे, असे मला वाटते.

भारतातून यात भाग घेऊ नये. सेबीने, म्हणजे भांडवल बाजाराच्या नियामक संस्थेने, २९ एप्रिल २०२५ रोजी स्पष्ट केले, की अशा मतव्यवहारांत (एखादी घटना घडेल की नाही यावर पैसे लावण्याच्या व्यवहारांत) गुंतवणूकदाराला सेबीचे कोणतेही संरक्षण मिळत नाही. त्यानंतर २२ ऑगस्ट २०२५ रोजी राष्ट्रपतींची मंजुरी मिळालेल्या ऑनलाइन गेमिंग कायद्याने पैसे लावून खेळल्या जाणाऱ्या ऑनलाइन खेळांची सेवा देण्यावर आणि त्यांच्या जाहिरातींवर बंदी घातली आहे.