भिंतीतली केबल आणि काळा पडणारा पडदा

प्रश्न : पाच वर्षांपूर्वी घराचे काम काढले, तेव्हा रिसीव्हरपासून (प्लेअरचे चित्र प्रोजेक्टरकडे आणि आवाज स्पीकरकडे धाडणारे यंत्र) प्रोजेक्टरपर्यंत १२ मीटर लांबीची तांब्याची एचडीएमआय केबल आम्ही भिंतीत टाकून घेतली. जुन्या प्लेअरवर चित्र उत्तम दिसत असे. नवा फोर-के प्लेअर जोडल्यापासून मात्र पडदा मधूनच दोन-तीन सेकंद काळा पडतो आणि कधीकधी चित्रात पांढरे ठिपके चमकतात. दुकानदार ‘२.२ ची नवी केबल’ घ्यायला सांगतो. भिंत पुन्हा फोडावी का? – एक वाचक, नाशिक

उत्तर : भिंतीला हात लावण्यापूर्वी दोष नेमका कुठे आहे, ते तपासून घ्या. सेकंदाला ६० चौकटींचे (फ्रेमचे) साधे एचडी चित्र केबलमधून सेकंदाला सुमारे साडेचार गिगाबिट माहिती नेते. तितक्याच चौकटींच्या, पण चौपट बिंदूंच्या फोर-के चित्राला त्याच केबलमधून सुमारे १८ गिगाबिट न्यावे लागतात. वारंवारता वाढते तसा तांब्यातला संकेत अधिक क्षीण होतो आणि लांबीबरोबर ही झीज वाढत जाते, त्यामुळे आजवर बिनतक्रार चाललेली १२ मीटरची केबल चौपट भाराखाली डगमगू लागली, तर त्यात नवल नाही. ठिपके ही त्या डगमगण्याची पहिली खूण असते. चुका वाढल्या की दोन्ही उपकरणांतला संपर्क तुटतो आणि चित्राच्या नकलेला आळा घालणारी ओळखपरेड नव्याने सुरू होते. आपल्याकडे रिसीव्हर मध्ये असल्याने ती प्लेअर ते रिसीव्हर आणि रिसीव्हर ते प्रोजेक्टर अशा दोन्ही टप्प्यांवर पार पडावी लागते. पडदा काळा राहतो तो त्या वेळात.

प्रथम प्लेअरच्या सेटिंगमध्ये चित्र फोर-केच ठेवून चौकटी ६० वरून २४ वर आणा. चित्रपट बहुतेक २४ चौकटींचेच असतात आणि त्यांना सुमारे निम्मा भार पुरतो. कित्येक प्लेअर मात्र मूळ चित्र कसेही असले तरी ६० चौकटीच पाठवत राहतात. एवढ्याने त्रास थांबला, तर संशय केबलवर अधिक आहे. मग प्लेअर प्रोजेक्टरजवळ नेऊन दीड-दोन मीटरच्या प्रमाणित केबलने थेट जोडा आणि चौकटी पुन्हा ६० करून एक पूर्ण चित्रपट पाहा. तरीही पडदा काळा पडला, तर दोष उपकरणात आहे आणि भिंत फोडूनही तो जाणार नाही.

आता ‘२.२’ विषयी. एचडीएमआयचे हे मानक जून २०२५ मध्ये प्रसिद्ध झाले. त्याची कमाल क्षमता सेकंदाला ९६ गिगाबिट आहे आणि त्यासाठीच्या केबलचे नाव अल्ट्रा ९६ असे आहे. २.१, २.२ हे क्रमांक उपकरणांसाठीच्या मानकाचे आहेत, केबल त्या क्रमांकाने विकायची नसते. केबल ओळखायची ती तिच्या वर्गाच्या नावावरून : प्रीमियम हाय स्पीड म्हणजे १८ गिगाबिट, अल्ट्रा हाय स्पीड म्हणजे ४८. या वर्गांच्या प्रमाणित केबलच्या वेष्टनावर लेबल असते, ते फोनने पडताळून घ्यावे. आपला प्रोजेक्टर पाच वर्षांपूर्वीचा असेल, तर तो १८ गिगाबिटचाच असण्याची शक्यता अधिक. ९६ ची केबल घालून त्याचे चित्र तसूभरही सुधारणार नाही.

केबलच बदलायची ठरली, तर १२ मीटरसाठी साधे तांबे नको, प्रकाशतंतूची (ऑप्टिकल फायबरची) केबल घ्या. तिची दिशा ठरलेली असते. प्लेअरकडचे आणि पडद्याकडचे टोक उलटे लागले, तर चित्र येतच नाही. ती मध्येच कापून नवा प्लग बसवता येत नाही आणि तीव्र वळण तिला सोसत नाही, म्हणून भिंतीत घालण्यापूर्वी ती जमिनीवर पसरून दोन-तीन दिवस चालवून पाहा.

माझे आग्रहाचे सांगणे एवढेच, की या वेळी केबल प्लास्टरखाली पुरू नका. झिरी पाडून प्लग सहज सरकेल एवढा रुंद पाइप टाका, कोपऱ्यांवर काटकोनी एल्बोऐवजी मोठी वळणे द्या आणि पुढे केबल बदलताना ओढून घेता यावी म्हणून आत ओढदोरी सोडून ठेवा.

प्रश्न : साउंडबारचा आवाज ओठांच्या हालचालीशी जुळत नाही. नव्या केबलने हे सुटेल का? – एक वाचक, डोंबिवली

उत्तर : नाही. नव्या मानकात आवाज आणि चित्राची वेळ जुळवण्याची जास्तीची सोय आहे खरी, पण ती उपकरणांमध्ये असावी लागते, केबलमध्ये नव्हे. आवाज चित्राच्या आधी येत असेल, तर साउंडबारच्या सेटिंगमध्ये त्याला थोडा विलंब द्या. आवाज मागे पडत असेल, तर प्लेअर टीव्हीऐवजी थेट साउंडबारला जोडा आणि तिथून चित्र टीव्हीकडे न्या. त्यासाठी साउंडबारला एचडीएमआयचा इनपुट आहे ना, हे मात्र आधी पाहा.