संगमरवरी फायरप्लेस घ्या खुशाल, पण आत सिमेंट भरू देऊ नका

ताई, तुमची पोस्ट वाचत होतो आणि शेवटच्या ओळीला अडकलो. विजापूर रोडला नवं घर, मुंबईत जुन्या सामानाच्या दुकानात दिसलेली पांढरी संगमरवरी फायरप्लेस (शेकोटीभोवती लावायची दोन खांब आणि वर फळी अशी चौकट), ‘इटालियन आहे, दीडशे वर्षांची आहे’ म्हणणारा दुकानदार, ‘सोलापुरात शेकोटी?’ म्हणून हसणारे सासरचे, इथपर्यंत ठीक. पण ‘मिस्त्री म्हणतात, मागून सिमेंट भरून पॅक करून देतो, जन्मात हलणार नाही’ हे वाचलं आणि पोटात गोळा आला. सात वर्षांपूर्वी माझ्या हॉलमध्ये हेच वाक्य, जवळपास याच शब्दांत ऐकलंय. मी ‘बरं’ म्हणालो होतो.

हसणाऱ्यांचं सोडा. माझी आई तर ‘हॉलमध्ये चूल कशाला मांडलीस?’ असं अजून विचारते. विस्तव त्यात पेटवायचा नसतोच. तोंड मागून बंद करायचं, पुढे कुंड्या ठेवायच्या, गौरी-गणपतीला तिथंच आरास करायची. मे महिन्यात दुपारी कूलर हरतो तेव्हा त्या दगडाला पाठ टेकून बसून बघा, मग बोलू.

आता सिमेंटचं. समोरून बघितलं तर दोन्ही बाजूंचे खांब अखंड दगडाचे वाटतात. तसे ते नसतात. इंचभर, कधी त्याहून पातळ पाट्या जोडून केलेली ती पोकळ पेटी असते, मागून उघडी. जुने कारागीर ती प्लास्टरच्या चार-सहा गोळ्यांवर आणि धातूच्या आकड्यांवर भिंतीला टेकवून बसवत. म्हणजे ती भिंतीत बांधलेली नसते, भिंतीला धरून उभी असते. म्हणून तर एका घरातून सुटून दुसऱ्या घरात जाते. तुम्हाला मिळतेय ती त्यामुळेच.

आमच्या मिस्त्रींना ती पोकळीच चूक वाटली. ‘मालक, आत सगळं भकास हाय, उद्या पोरं चढली तर?’ साधं करडं सिमेंट, बारीक खडी, दोन्ही खांब गळ्यापर्यंत भरले. वर आठ दिवस तराई, म्हणजे सिमेंटवर पाणी मारणं, तीही बोअरच्या पाण्याची. आमच्या बोअरचं पाणी म्हणजे बादलीच्या बुडाला पांढरी खपली धरणारं.

दोन आठवडे झाले नसतील, डाव्या खांबावर खालून वर चढलेला चहाच्या रंगाचा पट्टा दिसला. फडक्यानं पुसला, जाईना. साबणानं पुसला, तरी जाईना. मग लक्षात आलं की डाग वरून पडलेलाच नाही, आतून आलाय. सिमेंटमधले क्षार ओलाव्याबरोबर दगडातून बाहेर निघतात आणि पाणी उडालं की पृष्ठभागावर बसतात. पांढऱ्या संगमरवराला लपवायला काही नसतं.

आणि मग मी दुसरी अक्कल चालवली. ‘ॲसिड मारलं की चकाचक’ असं फरशीवाल्यानं सांगितलं. ब्रश टेकला तसा चुर्र आवाज झाला, फेस आला, मला वाटलं मळ निघतोय. मळ नव्हता, दगड निघत होता! संगमरवर म्हणजे कॅल्शियम कार्बोनेट, आम्ल त्याला खाऊन टाकतं. खांबावर द्राक्षाच्या पानांचं कोरीव काम होतं, प्रत्येक पानात केसासारखी शीर. आता बोट फिरवलं तर शाळेतल्या खडूवरून फिरवल्यासारखं लागतं आणि तीन पानांच्या शिरा गेल्यात. डाग मात्र आहे तिथंच आहे.

पुण्याहून एका जाणकाराला बोलावलं. त्यांनी खांबावर बोटाच्या पेरानं ठकठक केलं, बद्द आवाज आला, आणि म्हणाले, ‘निघेल, पण तुकड्यांत.’ त्या दिवसापासून ती फायरप्लेस या भिंतीची झाली. घर विकलं तर तीही गेली.

माझा धंदा टॉवेलचा, मी इंजिनिअर नाही. पण नंतर चार लोकांना विचारून जे कळलं ते असं: पोकळी पोकळीच ठेवा. प्लास्टर ऑफ पॅरिसचे गोळे आणि स्टेनलेस स्टीलचे किंवा तांब्याचे आकडे, बास. मागं जुने लोखंडी आकडे असतील तर काढायला लावा. लोखंड गंजलं की फुगतं आणि दगड आतून फोडतं. ज्या भिंतीला लावणार ती कोरडी हवी, पलीकडे बाथरूम नको. तुमची भिंत नवी आहे, म्हणून एक उन्हाळा जाऊ दिलात तर उत्तम. घाई कसली आहे? मिस्त्री ऐकत नसेल तर मिस्त्री बदला. वाईट वाटेल, वाटू द्या.

खरी की खोटी, याबद्दल थोडं. दुकानदार पुढची बाजू दाखवेल, तुम्ही मागची मागा. हातकामाच्या पाटीची मागची बाजू ओबडधोबड, जाडी कमीजास्त, कोपऱ्यात जुन्या प्लास्टरचे अवशेष. एकसारखी गुळगुळीत आणि सगळीकडे सारखीच जाडी असेल तर शंका घ्या. दगडाची शीर कडेवरून वळून बाजूला जाते, रंगवलेली शीर कडेला संपते. संगमरवराची पूड आणि रेझिन ओतून केलेले नग बाजारात भरपूर आहेत. त्यांच्या मागं बुडबुड्यांची भोकं दिसतात आणि हाताला ते तितके गार लागत नाहीत. काळा किंवा गडद ‘संगमरवर’ असेल तर आणखी जपून. व्हिक्टोरियन काळात, म्हणजे १८३७ ते १९०१, शाळेच्या पाटीच्या काळ्या दगडावर, म्हणजे स्लेटवर, रंग चढवून संगमरवर भासवायची पद्धत होती. तेही जुनंच असतं, पण संगमरवराच्या भावानं का घ्यायचं? ‘इटालियन’ला भुलू नका. इटलीतल्या कॅराराच्या खाणींतून दगड आजही निघतो, कालच कापलेलाही इटालियनच. वजनाचा अंदाज हवा असेल तर संगमरवराचा एक घनफूट साधारण ७५ किलो भरतो. दोन माणसांनी सहज उचलली तर तो दगड नव्हे.

दीडशे वर्षांच्या दाव्याची दुसरी बाजूही आहे. १९७२ च्या पुरावशेष कायद्यात शंभर वर्षांहून जुनी, इमारतीतून काढलेली वस्तूसुद्धा पुरावशेष धरली जाते आणि अशा वस्तू विकायचा धंदा करायला परवाना लागतो. तेव्हा दुकानदाराला सरळ विचारा, बिलावर वय लिहून द्याल का? माझ्या दुकानदाराचा आवाज तिथंच खाली आला आणि दीडशेचं ‘असेल की साठ-सत्तर’ झालं. मी वकील नाही, खात्री करायची तर वकिलाला विचारा.

भाव विचारलात, तो मी सांगणार नाही. तुमचा नग मी पाहिला नाही. मात्र आणताना लाकडी पेटी बांधून घेण्याचे पैसे वाचवू नका. माझी वरची फळी मुंबईहून गोणपाटात गुंडाळून आली, टेम्पोत आडवी टाकलेली, आणि मधोमध चीर. ट्रान्सपोर्टच्या ऑफिसात गेलो तर काउंटरवरच्या गृहस्थांनी मान वर न करता पावतीच्या मागच्या बारीक अक्षरांवर बोट ठेवलं, ‘माल मालकाच्या जोखमीवर.’ साहेब जेवायला गेलेत, उद्या या. उद्या गेलो तर साहेब पंढरपूरला. चार खेपा झाल्या, तेवढ्या पेट्रोलमध्ये दोन लाकडी पेट्या झाल्या असत्या. म्हणून सांगतो, पाट्या काचेसारख्या उभ्या ठेवून न्यायच्या, आडव्या कधीच नाही. आणि सोडवताना प्रत्येक तुकड्याच्या मागं नंबर, सोबत फोटो.

मापाचं तुम्ही बघितलंच असेल. तरी त्या जागी भिंतीवर ‘संचार’ पेपरचे जुने अंक चिकटवून खऱ्या मापाचा आकार करा आणि आठवडाभर जाता-येता बघा. जुन्या बंगल्यांची छतं उंच, आपली दहा फूट. आणि फळीच्या वर टीव्ही लावायचा विचार असेल तर सोडून द्या. आम्ही लावला होता, मालिका बघून बायकोची मान धरली.

फळीवर समई ठेवणार असाल तर खाली ताटली. तेल, हळद, लिंबू, तिन्ही नकोत. तेलाचा डाग पडलाच तर खडूची पूड थिनरमध्ये घट्ट कालवून लेप द्यायचा, वर प्लास्टिक, दुसऱ्या दिवशी काढायचा. दोन-तीनदा केल्यावर उतरतो. हे फक्त तेलाला चालतं. माझ्या सिमेंटच्या डागावरही करून पाहिलं, काही झालं नाही.

पुढच्या वेळी दुकानात जाल तेव्हा खांबाच्या मागच्या बाजूचे आणि आकड्यांच्या भोकांचे फोटो काढून इथं टाका. पुढून नकोत, पुढून सगळ्याच छान दिसतात.